दहाचं काय करायचं? : मायक्रोसॉफ्टच्या २०२५ सालाबद्दल वाचकांचे प्रश्न

४ एप्रिल २०२५ ला मायक्रोसॉफ्टला पन्नास वर्षं पूर्ण झाली. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी १९७५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात ही कंपनी सुरू केली होती. २०२५ मध्येच कंपनीने बऱ्याच जुन्या गोष्टींना निरोप दिला. मे महिन्यात स्काइप बंद झालं. १४ ऑक्टोबरला विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा आधार एकाच दिवशी संपला. प्रश्नही बहुतेक याभोवतीचेच आहेत. त्यांची उत्तरं देताना एक गोष्ट वारंवार सांगावी लागणार आहे: मशीन विकायला काढण्याआधी ते नेमकं कशात कमी पडतंय ते तपासा. पुष्कळदा एक सेटिंग बदलून काम भागतं.

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१७ चा आहे, आय५-७२००यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम. विंडोज ११ चालणार नाही असं दुकानदार म्हणतो. मग हा लॅपटॉप बंद पडणार का? नवा घ्यायची सध्या तयारी नाही. — निवृत्त शिक्षक, सातारा

बंद पडणार नाही. आधार संपला म्हणजे सुरक्षेची मासिक दुरुस्ती येणं थांबलं, एवढाच त्याचा अर्थ. टायपिंग, छपाई, इंटरनेट सगळं पूर्वीसारखं चालेल. धोका वेगळा आहे. विंडोजमध्ये यापुढे जी भोकं सापडतील ती विंडोज ११ मध्ये बुजवली जातील आणि तुमच्याकडे उघडीच राहतील. हल्लेखोर नव्या दुरुस्त्या तपासूनच जुन्या आवृत्तीतली भोकं शोधतात, त्यामुळे जितके महिने जातील तितका धोका वाढतो.

प्रोसेसरबद्दल दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. ७२०० मधला पहिला आकडा ७, म्हणजे इंटेलची सातवी पिढी. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी काही मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून, म्हणजे आय५-८२५०यू वगैरेंपासून सुरू होते. एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासून, पण त्यातही गोम आहे. डेस्कटॉपचा रायझन ५ २६०० यादीत आहे, लॅपटॉपमधला रायझन ५ २५००यू नाही. नुसत्या आकड्यावर न जाता पूर्ण नाव यादीत पाहावं.

तुमच्यासाठी सध्याचा योग्य मार्ग ईएसयू, म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेटची योजना. घरगुती वापरकर्त्यांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. नोंदणीचे तीन पर्याय आहेत: सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सुरू ठेवणं (फुकट), मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड्स पॉइंट देणं, किंवा एकदाच ३० डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम अधिक कर भरणं. एका खात्यावर दहा मशीन नोंदवता येतात. आपल्याकडे तिन्ही पर्यायांना मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, पैसे भरले तरी.

सेटिंग्ज उघडा, अपडेट अँड सिक्युरिटी, मग विंडोज अपडेट. तिथे 'एनरोल नाऊ' अशी लिंक दिसली पाहिजे. दिसत नसेल तर क्रमाने पाहा. आवृत्ती २२एच२ आहे का? (सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट.) सगळे बाकी अपडेट बसवून मशीन रीस्टार्ट केलं का? तुमचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर आहे का? मुलांसाठीचं खातं चालत नाही. शाळेच्या किंवा ऑफिसच्या खात्याला मशीन जोडलेलं असेल तर घरगुती योजना मिळत नाही. नोंदणी मध्येच अडकण्याची एक चूक विंडोजमध्येच होती. तिची दुरुस्ती कंपनीने ११ नोव्हेंबर २०२५ ला दिली, तेव्हा ती बसवून पुन्हा प्रयत्न करा.

फुकटच्या पर्यायात एक खाचखळगा आहे. विंडोज बॅकअपमध्ये डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सची बटणंही चालू केली तर वनड्राइव्हची (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीची) फुकट ५ जीबी जागा भरते, आणि ती भरली की त्याच खात्याचं आउटलुकचं ईमेलही अडू शकतं. नोंदणीला फक्त सेटिंग्जचा बॅकअप पुरतो. फोल्डरची बटणं बंद ठेवा आणि फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या.

नोंदणी उशिरा केली तरी तोपर्यंतचे सगळे अपडेट मिळतात, पण मधल्या काळात मशीन उघडं राहतं. आजच करा.

प्रश्न : डेस्कटॉप २०१९ चा, नवव्या पिढीचा आय५. तरीही तपासणीच्या ॲपमध्ये 'हा पीसी विंडोज ११ च्या अटी पूर्ण करत नाही' असं येतं. असं का? — नाशिक

जोडणी करून घेतलेल्या मशीनमध्ये हे फार दिसतं. प्रोसेसर पात्र असतो, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) टीपीएम बंद असतं आणि विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेलं असतं. टीपीएम २.० ही किल्ल्या सांभाळणारी सोय आहे. तिच्यासाठी वेगळी चिप विकत घ्यायची गरज नाही. इंटेलमध्ये ती पीटीटी नावाने आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावाने प्रोसेसर-बोर्डातच असते.

आधी दोन गोष्टी बघा. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा आणि 'बायोस मोड' समोर लेगसी आहे की यूईएफआय (नवी पद्धत) ते पाहा. मग सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी असं जा. तिथे 'सिक्युरिटी प्रोसेसर' हा शब्दच नसेल तर टीपीएम बंद आहे.

मोड यूईएफआय असेल तर काम पाच मिनिटांचं आहे. मशीन चालू होताना बायोसची कळ दाबा (डेलमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१०, असूसमध्ये डिलीट किंवा एफ२), सिक्युरिटी किंवा ॲडव्हान्स्ड पानावर पीटीटी किंवा एफटीपीएम चालू करा, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू करा, सेव्ह करून बाहेर पडा. शेजारीच 'क्लिअर टीपीएम' असतं. त्याला हात लावू नका. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची किल्ली तिथेच असते.

मोड लेगसी असेल तर क्रम चुकवून चालणार नाही. बायोस आधी बदलला तर 'बूट डिव्हाइस नाही' असा संदेश येतो आणि माणूस घाबरून विंडोज नव्याने टाकतो. तसं झालंच तर बायोस पुन्हा लेगसी करा, सगळं जागेवर सापडेल. कारण साधं आहे: लेगसीत डिस्कची मांडणी एमबीआर प्रकारची असते आणि यूईएफआयला जीपीटी लागते. आधी डिस्क बदलायची, मग बायोस.

सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहा आणि बिटलॉकर 'सस्पेंड' करा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये विंडोजच्या डिस्कवर किती भाग आहेत ते मोजा. तीनपेक्षा जास्त प्रायमरी भाग असतील किंवा एक्स्टेंडेड भाग असेल (सी, डी, ई, एफ पाडून देण्याच्या आपल्याकडच्या सवयीमुळे तो बहुधा असतो) तर बदल होणार नाही. आधी डी, ई मधला मजकूर हलवून ते भाग काढावे लागतील. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून विंडोजबरोबरच येणारं 'एमबीआर२जीपीटी' हे साधन वापरायचं. आधी 'व्हॅलिडेट' देऊन तपासणी, ती पार पडली तरच 'कन्व्हर्ट'. चालू विंडोजमधून करताना 'अलाउ फुल ओएस' हा शब्दही जोडावा लागतो. काम झालं की बायोसमध्ये सीएसएम (लेगसी पद्धत चालवणारा भाग) बंद, यूईएफआय चालू, मग पीटीटी, शेवटी सिक्युअर बूट. सिक्युअर बूटचा पर्याय फिका दिसत असेल तर सीएसएम अजून चालू आहे.

मशीनमध्ये दहा-बारा वर्षं जुनं ग्राफिक कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहू शकतो. अशा वेळी वीज काढून बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा, बायोस मूळ पदावर येतो. मग ते कार्ड काढून प्रोसेसरच्या ग्राफिकवर मशीन चालवा.

विंडोज ११ टाकण्याआधी सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी मोकळी ठेवा. फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी २५६ जीबीचा एसएसडी बसवा. कागदावरच्या अटींमध्ये एसएसडी नाही, पण फिरत्या डिस्कवर विंडोज ११ वापरणं हा छळ आहे. अपग्रेड पटलं नाही तर दहा दिवसांत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक' इथून परत जाता येतं. दहा दिवसांनी जुनं विंडोज पुसलं जातं.

प्रश्न : आमच्या डीटीपीच्या मशीनवर ३२ बिट विंडोज १०, पेजमेकर ७ (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि डोंगलवर (परवान्यासाठी पोर्टात लावायच्या तुकड्यावर) चालणारं जुनं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर आहे. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, पुस्तकं त्यात आहेत. विंडोज ११ वर हे चालेल का? — डीटीपी व्यावसायिक, सांगली

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या गावोगावच्या छापखान्यांचा आहे, म्हणून सविस्तर.

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. त्यामुळे तीन ठिकाणी गाडी अडते. एक, जुन्या सीडीवरचे काही इन्स्टॉलर १६ बिटचे असतात, ते ६४ बिट विंडोजवर सुरूच होत नाहीत, आतला प्रोग्रॅम ३२ बिटचा असला तरी. दोन, डोंगलचा ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोज घेत नाही, ६४ बिटचाच लागतो. तीन, ६४ बिटचा ड्रायव्हर मिळाला तरी तो जुना असेल तर 'मेमरी इंटेग्रिटी' ही विंडोज ११ ची सुरक्षा त्याला अडवते. ती बंद करून डोंगल चालवता येतो, पण इंटरनेट असलेल्या मशीनवर तसं करू नये. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे नवे लॅपटॉप तुमच्यासाठी नाहीतच. तिथे इंटेलसाठी लिहिलेला ड्रायव्हर कुठल्याच उपायाने बसत नाही.

म्हणून जुनं मशीन ठेवा, पण जाळ्यातून बाहेर काढा. लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, फाइली एका ठरावीक पेनड्राइव्हने न्या-आणा आणि तो पेनड्राइव्ह दर वेळी नव्या मशीनवर तपासून घ्या. संपूर्ण डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) आजच काढून ठेवा. अशा मशीनमध्ये आधी हार्ड डिस्क जाते, आणि त्या सॉफ्टवेअरची सीडी त्या वेळी सापडत नाही. डोंगल यूएसबीचा असेल तर नव्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) करून त्यात जुनं ३२ बिट विंडोज (त्याचा परवाना हवा) चालवता येतं. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर यूएसबी डोंगल आत देऊ शकतात, विंडोजमधलं हायपर-व्ही तो थेट देत नाही. प्रिंटरच्या पॅरलल पोर्टात बसणारा जुना डोंगल असेल तर हा मार्ग धरू नका, मूळ मशीनच जपा.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. वीस वर्षांचा मजकूर त्या पेटीतून बाहेर काढायला घ्या. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरची फाइल थेट उघडणारी शेवटची आवृत्ती सीएस६. आजच्या इनडिझाइनमध्ये ती उघडत नाही. म्हणून प्रत्येक कामाची पेजमेकरमधूनच पीडीएफ काढा, फाँट आत बसवून. ती दिसण्यापुरती. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर तो टेक्स्ट म्हणून काढून युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत) बदला.

हा बदल यंत्र करतं, पण तपासावं माणसानेच लागतं. जुन्या फाँटमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'कि' मध्ये आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलटं. 'धर्म' मधला रफार जुन्या फाँटमध्ये म नंतर येतो, युनिकोडमध्ये 'र्' आधी येतो. कन्व्हर्टरला या उड्या माराव्या लागतात आणि जोडाक्षर लांब असलं की तो चुकतो. 'स्थिती', 'वैशिष्ट्य', 'मूर्ती', 'वर्षांच्या' असे शब्द आधी पाहा. मग 'सुऱ्या' आणि 'सूर्य' पाहा. काही कन्व्हर्टर र चा अर्धचंद्र आणि रफार यांत फरक करत नाहीत, आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. 'ॲ' हे अक्षर अ आणि चंद्र असं दोन तुकड्यांत आलं तर दिसायला सारखंच दिसतं, पण 'ॲड' शोधलं की सापडत नाही. फाइंड-रिप्लेस करून ते एकसंध करून घ्या.

एक काम पूर्ण तपासून मगच पुढचं घ्या. शंभर फाइली एकदम बदलून ठेवल्या की चुका कुठल्या फाइलीत राहिल्या ते कधीच कळत नाही.

प्रश्न : पतसंस्थेत विंडोज १० चे बारा संगणक आहेत, एका सर्व्हरला जोडलेले. वर सांगितलेली फुकट योजना आम्हाला चालेल का? — सोलापूर जिल्हा

नाही. डोमेनला (संस्थेच्या सर्व्हरवरून चालणाऱ्या जाळ्याला) जोडलेली मशीन घरगुती योजनेत बसत नाहीत. संस्थांसाठीची ईएसयू वेगळी आहे आणि तिचा दर दर वर्षी दुप्पट होतो: मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर एका मशीनचे. दुसऱ्या वर्षी सामील झालात तरी पहिल्या वर्षाचे भरावे लागतात, त्यामुळे थांबून पैसे वाचत नाहीत.

आमचं मत असं : आठव्या पिढीची आणि त्यापुढची मशीन आत्ताच विंडोज ११ वर न्या. उरलेल्यांसाठी फक्त पहिल्या वर्षाची ईएसयू घ्या आणि त्या वर्षात ती बदला. तीन वर्षांचे ४२७ डॉलर जुन्या मशीनवर घालणं परवडत नाही. बदलण्याआधी पासबुक प्रिंटर, बोटांच्या ठशाचं यंत्र आणि डिजिटल सहीचा टोकन यांचे विंडोज ११ चे ड्रायव्हर मिळतात का, हे एका मशीनवर आठवडाभर चालवून बघा. खोळंबा होतो तो इथेच.

आणि शाळांसाठी: शिक्षणसंस्थांना हाच दर १, २ आणि ४ डॉलर आहे. शाळेच्या संगणक कक्षाने त्याचा फायदा जरूर घ्यावा.

प्रश्न : जिल्हा परिषदेतल्या नव्या विंडोज ११ वर मंगल फाँटच नाही. जुनी पत्रं उघडली की ओळी पुढे-मागे होतात. — कनिष्ठ लिपिक, वाशिम

मंगल गेलेला नाही, बसवलेला नाही. मराठी दाखवायला विंडोज आता निर्मला यूआय वापरतं. मंगल, अपराजिता, कोकिळा, उत्साह हे फाँट 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' या ऐच्छिक गठ्ठ्यात असतात आणि इंग्रजी विंडोज नव्याने टाकलं की तो गठ्ठा येत नाही. दोन्ही फाँटच्या अक्षरांची रुंदी वेगळी, म्हणून पानं हलतात.

सेटिंग्ज, सिस्टिम, ऑप्शनल फीचर्स, 'व्ह्यू फीचर्स' इथे जाऊन देवनागरी शोधा आणि बसवा. इंटरनेट लागेल. कार्यालयाच्या जाळ्यात अपडेट स्वतःच्या सर्व्हरवरून येत असतील तर हे अडतं, मग तुमच्या संगणक विभागाकडून करून घ्या. दुसऱ्या मशीनवरून नुसती फाँटची फाइल उचलून आणू नका, ठळक वळणाची फाइल राहून जाते आणि शीर्षकं वेडीवाकडी दिसतात.

टायपिंगसाठी टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे मराठी जोडा. तिच्यासमोरच्या तीन टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्स, 'ॲड अ कीबोर्ड'. इनस्क्रिप्ट तिथे असतोच, ज्यांना रोमन स्पेलिंगवरून टाइप करायचं त्यांनी मराठी फोनेटिक जोडावा. विंडोज की आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. पंधरा वर्षं स्काइपवर बोलत होतो. जुन्या गप्पा, फोटो गेले का? — पुणे

स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं. २००३ मध्ये सुरू झालेली ही सेवा मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ८.५ अब्ज डॉलरला घेतली होती. मजकूर उतरवून घ्यायची मुदत जानेवारी २०२६ पर्यंतच होती.

टीम्सची (मायक्रोसॉफ्टच्या बोलण्याच्या ॲपची) फुकट आवृत्ती घ्या आणि स्काइपच्याच खात्याने आत जाऊन पाहा. मुदतीत तसं केलं असेल तर संपर्क आणि संभाषणं तिथे दिसतात. बहुतेकांची चूक इथेच होते. स्काइप एका ईमेलवर असतं आणि टीम्स फोनमधल्या दुसऱ्या ईमेलवर उघडतं, मग सगळं रिकामं दिसतं. फोटो जपण्यासाठी मुदतीत स्काइपच्या संकेतस्थळावर त्याच खात्याने जाऊन 'एक्स्पोर्ट' मागता येत होतं. तेव्हा टार प्रकारची एक गाठोड्याची फाइल मिळाली असेल तर ती विंडोज ११ मध्ये थेट उघडते. 'प्रायव्हेट कन्व्हर्सेशन' म्हणून केलेल्या गप्पा मात्र टीम्समध्ये येत नाहीत. टीम्सवर दोघांचा कॉल ३० तास चालतो, तिघे-चौघे असलात की ६० मिनिटांना तुटतो, मग पुन्हा जोडायचा.

प्रश्न : ऑफिस २०१६ वापरतो. ते बंद करून वर्षाच्या वर्गणीचं घ्यावं का? वर्गणीही वाढली म्हणतात. — औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर)

ऑफिस २०१६ आणि २०१९ यांना वाढीव अपडेटची योजनाच नाही. घरी स्वतः टाइप केलेल्या फाइली उघडण्यापुरतं ते वापरता येईल, पण ईमेलने आलेल्या अनोळखी वर्ड-एक्सेल फाइली त्यात उघडू नका.

वर्गणी वाढली हे खरं. अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वैयक्तिक वर्गणी वर्षाला ६९.९९ वरून ९९.९९ डॉलर झाली, कारण त्यात कोपायलट (कंपनीचा एआय मदतनीस) घातला. तो नको असणाऱ्या जुन्या वर्गणीदारांसाठी 'क्लासिक' नावाची जुन्या दराची योजना आहे, पण ती खात्यात 'कॅन्सल सबस्क्रिप्शन' दाबल्यावरच समोर येते. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये याच लपवाछपवीवरून कंपनीला न्यायालयात खेचलं, आणि पुढच्या महिन्यात कंपनीने तिथल्या ग्राहकांची माफी मागून परतावा देऊ केला. ग्राहकाला स्वस्त पर्याय सांगायचा नाही, ही वागणूक आम्हाला अजिबात मान्य नाही. तुमची वर्गणी आधीपासून चालू असेल तर खात्यात जाऊन हा पर्याय दिसतो का ते पाहाच.

एकदाच पैसे भरायचे असतील तर ऑफिस २०२४ घ्या, त्याचा आधार ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे. दुकानात स्वस्तात पडून असलेलं ऑफिस २०२१ घेऊ नका, ते ऑक्टोबर २०२६ मध्येच संपतं. त्याच महिन्यात पब्लिशरही बंद होतंय, तेव्हा पब्लिशरमधली प्रमाणपत्रं, पत्रकं पीडीएफ करून ठेवा.

प्रश्न : विंडोज ११ च्या अपडेटने एसएसडी जळतात, कीबोर्ड बंद पडतो असं वाचलं. अपडेट बंदच ठेवू का? — कोल्हापूर

दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एसएसडीची बोंब ऑगस्ट २०२५ ची. साधारण ५० जीबीची मोठी फाइल लिहिताना अर्ध्याहून जास्त भरलेल्या डिस्क गायब होतात, अशी तक्रार जपानमधून सुरू झाली. मायक्रोसॉफ्टला अपडेटशी संबंध आढळला नाही. एसएसडीचे कंट्रोलर बनवणाऱ्या फायसननेही साडेचार हजार तासांहून जास्त चाचण्या घेतल्या, त्यांनाही तो बिघाड घडवून दाखवता आला नाही.

कीबोर्डची गोष्ट मात्र खरी. १४ ऑक्टोबरच्या अपडेटनंतर दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर, म्हणजे रिकव्हरीत, यूएसबीचा माउस आणि कीबोर्ड चालेनासे झाले. नेहमीच्या विंडोजमध्ये ते चालत होते. २० ऑक्टोबरला तातडीची दुरुस्ती आली. त्याच काळात इंटेलच्या काही मशीननी रीस्टार्टनंतर बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्याने टाकलेल्या मशीनवर, होम आवृत्तीतसुद्धा, डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याच्या 'डिव्हाइसेस' पानावर ४८ आकडी किल्ली असते. ती आज कागदावर लिहून ठेवा. किल्ली नसेल तर कुठलाही दुरुस्तीवाला तो मजकूर काढू शकत नाही.

अपडेट बंद ठेवू नका, आठवडाभर 'पॉझ' करा. मोठ्या चुका पहिल्या आठवड्यात बाहेर येतात.

प्रश्न : माझ्या मशीनवर निळ्याऐवजी काळा एरर आला. व्हायरस आहे का? — ठाणे

नाही. २०२५ च्या मध्यापासून विंडोज ११ चा तो पडदा काळा केला आहे. रडका चेहरा आणि क्यूआर कोडही काढले. खाली स्टॉप कोड आणि चुकलेल्या ड्रायव्हरचं नाव येतं, त्याचा फोटो काढा. काळ्या पडद्यावर फोन नंबर दिसत असेल तर मात्र ती फसवणूक आहे. खऱ्या पडद्यावर फोन नंबर कधीच नसतो.

प्रश्न : एवढ्या नफ्यात असलेली कंपनी माणसं का काढते? मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. — कराड

जून २०२५ ला संपलेल्या वर्षात कंपनीचं उत्पन्न २८१.७ अब्ज डॉलर आणि निव्वळ नफा १०१.८ अब्ज डॉलर होता. तरी मे मध्ये सुमारे सहा हजार आणि जुलैमध्ये सुमारे नऊ हजार माणसं कमी केली. पैसा डेटा सेंटरकडे वळतोय. त्या वर्षासाठी एआयच्या डेटा सेंटरवर सुमारे ८० अब्ज डॉलर खर्चाची योजना होती. भारतातही २०२५ च्या जानेवारीत ३ अब्ज आणि डिसेंबरमध्ये १७.५ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा झाली. तुमच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की नेटवर्किंग, लिनक्स, साठवण, वीज आणि शीतकरण या गोष्टी समजणाऱ्यांना काम आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेचा 'सेंट्रल इंडिया' विभाग पुण्यातच आहे.

प्रश्न : जून २०२६ मध्ये सिक्युअर बूट संपणार आणि संगणक सुरूच होणार नाहीत, असा संदेश फिरतोय. — रत्नागिरी

अर्धा खरा आहे. सिक्युअर बूटची २०११ मध्ये दिलेली प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपू लागतात, त्यातलं शेवटचं ऑक्टोबरमध्ये. त्या दिवशी मशीन बंद पडत नाही. पण नवी प्रमाणपत्रं बसली नसतील तर विंडोज सुरू करणाऱ्या भागाच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत.

विंडोज ११ वर नेहमीचे अपडेट चालू असतील तर नवी प्रमाणपत्रं त्यातूनच येतात. विंडोज १० वर ती फक्त ईएसयूत नोंदवलेल्या मशीनना मिळतात, हे सातारच्या वाचकांनीही ध्यानात घ्यावं. त्याआधी मशीनच्या कंपनीच्या पानावरून बायोसचं ताजं अपडेट बसवा. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असू द्या, बिटलॉकर सस्पेंड करा, आणि बायोस लिहीत असताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडा.